जिजाईची तक्रार

काम आणि घर यांचा समतोल कसा साधावा या विषयावर अलीकडे मराठींत इतकें लिहिलें व बोललें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर घालणें म्हणजे वाचकांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणेंच होय. घरीं बसून नोकरी करणारानें कामासाठीं वेगळें टेबल राखावें, वेळेचें बंधन पाळावें, कचेरींत जातांना करावा तसाच पोशाख करावा, संध्याकाळीं लॅपटॉप मिटला म्हणजे मोबाइलहि दूर ठेवावा, मधून मधून उठून चार पावलें चालावें, हा उपदेश आतां बहुतेकांना पाठ झाला आहे. त्यांतील एकहि सूचना चुकीची नाहीं. तरीहि हें लेखन वाचून मनाचें समाधान होत नाहीं, आणि त्याचें कारण माझ्या मतें वाङ्मयीन आहे. हे लेख ज्या गृहस्थाला उद्देशून लिहिलेले असतात तो गृहस्थ जणूं घरांत एकटाच राहतो. त्याच्या टेबलावर चहा कोठून येतो, त्याची खोली बंद असतां बाहेर मुलांना गप्प कोण बसवितें, याचा पत्ता त्या लेखांत कोठेंहि लागत नाहीं. जें घर तराजूच्या एका पारड्यांत घालावयाचें तेंच या लेखनांत रिकामें आहे.

ज्या भाषेंत सातशें वर्षांपासून कुंभार, माळी, शिंपी, न्हावी आणि दळणारीण यांनीं आपापलें काम करतां करतां कविता केली, त्या भाषेला या विषयावर स्वतःचें असें कांहींच सांगावयाचें नसेल काय? गोरोबांचा चिखल, सांवतोबांचा मळा, जनाबाईचें जातें हीं सर्व घरचीं आणि अंगणांतलींच कामें होतीं. त्यांचा दाखला मात्र आपण नेहमीं एकाच हेतूनें देतों, काम करतां करतां देव कसा भेटतो हें दाखविण्यासाठीं. गोरोबांच्या कथेंत चिखल तुडवितां तुडवितां त्यांचें स्वतःचें मूल पायांखालीं येतें. कामांत आणि भजनांत तल्लीन झालेल्या बापापाशीं तें मूल ठेवून त्याची आई पाणी आणावयास गेली होती. घरांत बसून काम करणाऱ्या माणसाविषयीं याहून भयंकर कथा कोणत्या भाषेंत असेल असें मला वाटत नाहीं. पण आपण ती तल्लीनतेची कथा म्हणून ऐकतों, आणि पाणी घेऊन परत आलेल्या त्या बाईचें बोलणें कीर्तनकार घाईनें आटोपतो.

हें बोलणें घाईनें आटोपण्याची संवय आपल्या टीकाकारांनाहि आहे, आणि तिचा सर्वांत मोठा बळी म्हणजे तुकोबांची जिजाई. आजच्या प्रश्नाच्या प्रकाशांत तिची तक्रार पुन्हा एकवार वाचावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें वाचन करावयास स्थळहि मोठें अनुकूल आहे. घरून काम करणारांची जी मोठी वस्ती पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम अंगास वाकड, पिंपळे सौदागर, रावेत या भागांत पसरली आहे, तिच्याजवळच इंद्रायणीच्या कांठीं देहू आहे. या सगळ्या पट्ट्याचा इतिहास कामाच्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी निघाली. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील शेतें भराभर कारखान्यांखालीं गेलीं. पुढें चाकणची पाळी आली. कारखान्यानें माणसाचें पुष्कळ हिरावून घेतलें, पण एक वस्तु त्यानें दिली, ती म्हणजे फाटक. भोंगा झाला कीं कामगार फाटकाबाहेर पडे आणि त्याच्या मागोमाग काम येत नसे. १९४८ च्या कारखाने अधिनियमानें आठवड्याला ४८ तासांची जी मर्यादा घातली ती मोजतां येत होती ती या फाटकामुळेंच. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांतील काम पाहतां पाहतां लोकांच्या दिवाणखान्यांत येऊन बसलें. चाकणच्या कारखान्यांत मोटारी जोडणाऱ्याला हा अनुभव यावयाचा नव्हता; मोटारीचें धूड कोणी घरीं नेत नाहीं. त्याला प्रथम सक्तीची रजा मिळाली आणि मग पुन्हा तेंच फाटक. म्हणून या गांवांत एकाच इमारतीच्या एका मजल्यावर कंपनीच्या बसच्या वेळेला बांधलेला शिफ्टचा माणूस, आणि दुसऱ्या मजल्यावर कोणत्याच वेळेला न बांधलेला, म्हणून सर्व वेळ बांधलेला, असा संगणकाचा माणूस दिसूं लागला.

तुकोबांच्या घरालाहि असें फाटक नव्हतें. घराण्यांत महाजनकी होती, वाणीपणा होता, देणेंघेणें होतें. दुकान आणि संसार यांच्यामध्यें भिंत होती कीं नव्हती हा तपशील चरित्रकारांनीं दिला नाहीं, पण गिऱ्हाईक, कुळ, पाहुणा आणि साधु हे सारे एकाच उंबरठ्यावरून आंत येत यांत शंका नाहीं. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळांत हा सर्व पसारा कोसळला. पहिली बायको रखुमाबाई अन्नान्न करीत गेली, मुलगा संतू गेला, व्यापाराचें दिवाळें निघालें. त्यानंतर तुकोबांचें काम बदललें. जें नवें काम त्यांनीं हातीं घेतलें त्याला एकांत लागत होता, आणि घरांत एकांत नव्हता. म्हणून ते डोंगरावर जाऊं लागले: भामचंद्र, भंडारा, घोरवडेश्वर. हे तिन्ही डोंगर आज या औद्योगिक पट्ट्याच्या अगदीं कुशींत आहेत. भामचंद्राच्या पायथ्याचीं वासुली, शिंदे, भांबोली हीं गांवें तर चाकणच्या औद्योगिक क्षेत्राच्या दुसऱ्या टप्प्यांतच मोडतात, आणि तुकोबा जेथें एकांत शोधीत गेले त्याच्या खालीं आतां पाळ्या बदलतात. ‘कामासाठीं वेगळी जागा राखावी’ हा आजच्या उपदेशकांचा पहिला नियम तुकोबांनीं असा कडकपणें पाळला होता. मात्र त्या वेगळ्या जागेवर भाकरी घेऊन जाणारें माणूस एकच होतें. डोंगर चढतांना जिजाईच्या पायांत कांटा मोडला आणि तो विठ्ठलानें येऊन काढला, ही कथा देहूच्या परिसरांत अजून सांगतात. लोककथेची जाण कांहीं ठिकाणीं पंडितांहून अधिक असते ती अशी. देव डोंगराच्या माथ्यावर जातो आहे आणि वाटेंत तो थांबला आहे तो भाकरी नेणारीच्या पायाशीं.

आतां गाथेकडे वळूं. प्रचलित गाथेंत एका ठिकाणीं कांहीं अभंगांचा एक गट आहे. स्वामींच्या स्त्रीनें स्वामींना कठीण उत्तरें केलीं, अशा अर्थाचा मथळा त्यावर असतो. हे अभंग जिजाईच्या तोंडचे आहेत. ती म्हणते, घरांत दाण्याची गोणी आली तर हा माणूस पोरांना खाऊं देत नाहीं, लोकांच्याच ओंजळी भरतो. ती विचारते, हीं माणसें आमच्याकडे येतात तरी कशाला, यांना आपापला धंदा नाहीं काय? ही भाषा मवाळ नाहीं. तींत शिव्या आहेत, संताप आहे, नशिबाला दोष आहे. बहुतेक भाष्यकार येथें स्मित करून पुढें जातात, आणि संसारी बुद्धीचा अज्ञपणा दाखविण्यासाठीं तुकोबांनीं हे अभंग रचिले असें सांगतात.

मला हें पटत नाहीं. प्रथम, दुसऱ्या प्रश्नाकडे पाहा. घरीं येणारांना स्वतःचा धंदा नाहीं काय, या प्रश्नांत अज्ञान कोठें आहे? ज्या घरांत काम आणि संसार एकत्र नांदतात त्या घरचा हा पहिला आणि सनातन प्रश्न आहे. जो माणूस घरीं आहे तो मोकळा आहे, असें जग धरून चालतें. शेजारी त्याला हांक मारतो, पाहुणा वेळ न विचारतां येतो, वरिष्ठ जेवणाच्या वेळीं फोन करतो. घर हें कोणाचेंहि कामाचें ठिकाण आहे हें बाहेरच्यांना दिसत नाहीं. आणि जिजाईचें काम तर नवऱ्याच्या कामाहूनहि अदृश्य, कारण तिच्या कामाला दुकान नाहीं, डोंगरहि नाहीं. आलेल्या प्रत्येक साधूमागें एक भाकरी वाढते, तो हिशेब तिचा.

दुसरें, दाण्यांची गोष्ट. या ओळी वाचतांना आपण विसरतों कीं, याच घरांत कांहीं वर्षांपूर्वीं एक बाई भुकेनें मेली होती, आणि जिजाई तिची सवत होती. रखुमाबाईला दम्याचा आजार होता म्हणून पुण्याच्या गुळव्यांच्या घरची ही मुलगी दुसरी बायको म्हणून आली, असें परंपरा सांगते. म्हणजे तो मृत्यु तिनें डोळ्यांनीं पाहिला. अशा बाईनें गोणीवर हात ठेवावा आणि ती सोडूं नये, याला कद्रूपणा म्हणणारानें दुष्काळ कधीं पाहिला नसावा. तुकोबांनीं त्याच दुष्काळांतून वैराग्य घेतलें, जिजाईनें धान्य राखण्याचा निश्चय घेतला. दोन्ही एकाच अनुभवाचीं फळें आहेत. पण एकाला आपण अध्यात्म म्हणतों आणि दुसऱ्याला कजागपणा.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे अभंग लिहिले कोणीं? तुकोबांनीं. प्रत्येकाच्या शेवटीं त्यांचीच नाममुद्रा आहे. तिच्याविषयीं त्यांत एखादा कठोर शब्दहि येतो, हें मी नाकारीत नाहीं. परंतु तिच्या आरोपांचें खंडन त्यांत नाहीं. गोणी वांटली नाहीं असें ते म्हणत नाहींत. पोरांना पोटभर मिळालें असेंहि म्हणत नाहींत. तिला उपदेश केलेले अकरा अभंग गाथेंत निराळे आहेत, आणि त्यांचा सूर तत्त्वज्ञानाचा आहे, बचावाचा नाहीं. कवि स्वतःविरुद्धचा साक्षीपुरावा आपल्याच वहींत, फिर्यादीच्या भाषेंत, धार न घालवितां उतरून ठेवतो, असें उदाहरण आपल्या वाङ्मयांत फार थोडें. जिजाई आपल्याला ठाऊक आहे ती तुकोबांच्या प्रामाणिकपणामुळें. तिला कर्कशा केलें तें नंतरच्यांनीं.

नंतरच्यांत प्रमुख महिपति. ‘भक्तिविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांनीं संतचरित्रें मराठी घराघरांत नेलीं. तें ऋण मोठेंच आहे. पण महिपतींच्या वळणानें रूढ झालेल्या कथांत जिजाईची तक्रार हा तुकोबांच्या शांतीचें माप घेण्याचा गज होऊन बसतो. उसाची मोळी वाटेंत मुलांना वांटून तुकोबा एकच ऊंस घेऊन घरीं येतात, ती तो त्यांच्या पाठींत मारते, ऊंसाचे तुकडे होतात, आणि तुकोबा हंसतात. कथा रसाळ आहे, आणि श्रोतेहि हंसतात. घरांतल्या मुलांना किती ऊंस मिळाला हें विचारावयाचें राहून जातें. गंमत अशी कीं, खुद्द महिपतींची जी कथा सांगतात तीहि घर आणि काम यांच्या तंट्याचीच आहे. ते ताहराबादचे कुळकर्णी. एके दिवशीं पूजेला बसले असतां जहागीरदाराचा शिपाई बोलावूं आला. पूजा आटोपेपर्यंत थांब म्हटलें तरी थांबेना. महिपति उठले, काम उरकून आले, लेखणी विठ्ठलाच्या पायाशीं ठेवली आणि ती चाकरीसाठीं पुन्हा उचलणार नाहीं अशी शपथ घेतली. धन्याची अवेळीं आलेली हांक ज्याला इतकी झोंबली, त्यानें जिजाईच्या दारीं अवेळीं येणाऱ्या हांकांचा थोडा विचार करावयास हरकत नव्हती. पण धन्यानें आपल्या वेळेवर केलेलें आक्रमण आपल्याला कळतें. आपण दुसऱ्याच्या वेळेवर केलेलें कळत नाहीं.

जिजाईला पहिला मोठा न्याय मिळाला तो ग्रंथांत नव्हे, पडद्यावर. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल यांच्या बोलपटाचें कौतुक पुढें व्हेनिसपर्यंत झालें, आणि पागनिसांच्या तुकारामाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. पण तो बोलपट जमिनीवर उभा आहे तो गौरीबाईंच्या जिजाईमुळें. ती म्हैस सांभाळते, चूल सांभाळते, आजारी पोराला घेऊन देवाला जाब विचारावयास देवळांत शिरते. नवऱ्यावरची तिची माया तिच्या ओरडण्यांतूनच दिसते. तुकोबा गात असतात तेव्हांहि तिचे हात चालू असतात, आणि पाहणाऱ्याला त्या घराचा संपूर्ण दिवस दिसतो. चरित्रकारांना दोनशें वर्षांत जें साधलें नाहीं तें कॅमेऱ्याला साधलें, कारण कॅमेऱ्याला तिचे हात वगळतां येत नव्हते.

लेखणी जेव्हां दुसऱ्या बाजूच्या हातांत गेली तेव्हां काय झालें, तें पाहणेंहि येथें आवश्यक आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकांत न्यायमूर्तींचें घर म्हणजे एक कचेरीच आहे. त्यांच्या डोळ्यांना त्रास होई तेव्हां वाचून दाखविण्याचें काम रमाबाईंकडे येई, आणि त्याच घरांतील वडीलधाऱ्या बायकांना त्यांचें वाचणेंच खपत नसे. एकीकडे नवऱ्याच्या कामांत भागीदारी, दुसरीकडे त्याच कामाबद्दल माजघरांत टोमणे. रमाबाई हें सारें अदबीनें लिहितात, कधीं कधीं फारच अदबीनें. लक्ष्मीबाई टिळकांना ती अदब जमत नाहीं, आणि म्हणून ‘स्मृतिचित्रें’ हा ग्रंथ श्रेष्ठ ठरतो. १९३४ पासून तो भागाभागानें प्रसिद्ध झाला. रेव्हरंड टिळक कवि, उदार, तापट, आणि घरच्या हिशेबाच्या बाबतींत जवळजवळ तुकोबांचे अवतार. लग्नाचें स्वरूप देहूच्या घरासारखेंच. फरक एवढाच कीं, या खेपेस जिजाई स्वतः लिहिते आहे. आणि ती काय करते? ती हंसते. नवऱ्याची थट्टा करते, स्वतःची करते, आणि त्या थट्टेंत त्याचें मोठेपण एका तसूनेंहि कमी होऊं देत नाहीं. तक्रार आणि प्रेम हीं एकाच वाक्यांत नांदूं शकतात हें मराठी गद्याला प्रथम लक्ष्मीबाईंनीं शिकविलें. पुढें टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनींच हातीं घेऊन बहुतांशीं लिहून काढलें, हेंहि विसरूं नये. लेखिकेला स्वतःची खोली हवी, असें व्हर्जिनिया वुल्फनें १९२९ मध्यें इंग्रजींत बजावलें. तें योग्यच, ती खोली झाडावी कोणीं, हें मात्र त्या पुस्तकांत नाहीं. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत झाडणारीच लिहिते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, तुकोबांची तुलना हिंजवडीच्या एखाद्या नोकरदाराशीं करणें हा पोरकटपणा आहे. तुकोबांचें काम आणि तिमाहीचा अहवाल यांचें मोल एक आहे असें कोण म्हणेल? पण माझा मुद्दा उलट आहे. एवढ्या थोर कामासाठींहि घरच्या माणसाच्या वेळेची आणि पोटाची किंमत द्यावी लागली, आणि कर्त्यानें ती किंमत झांकली नाहीं. मग साध्या कामाला तरी ती झांकण्याचा अधिकार कोठून आला?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या जिजाईचा स्वतःचा लॅपटॉप आहे. तीहि नोकरी करते, तिलाहि सभा असतात. तेव्हां या घरांत तुकोबा कोण आणि जिजाई कोण? याची परीक्षा सोपी आहे. दोघेंहि कामांत असतां दारावरची घंटा वाजते. जें माणूस उठतें तें जिजाई. मुलाच्या शाळेचा ऑनलाइन वर्ग बंद पडतो, गॅसवाला येतो, सासूबाईंना औषध हवें असतें. जें उठतें तें जिजाई. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें वेळ जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे २८९ आणि ८८ झाले. मध्यें टाळेबंदी होऊन गेली, लक्षावधि पुरुष दिवसच्या दिवस घरांत बसले, आणि त्यांचा घरकामाचा आंकडा नऊ मिनिटांनीं उतरला. आंकडे देशाचे आहेत, एका गांवाचे नव्हेत, आणि त्यांचीं कारणें अनेक असतील. तरी पुरुष घरीं आला म्हणजे घरकामांत आला असें होत नाहीं, एवढें त्यांवरून म्हणतां येईल.

कायद्यानें यांतील अर्धें दार बंद करतां येतें. फ्रान्सनें २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संदेशांपासून दूर राहण्याच्या नोकरांच्या हक्काला कायद्यांत जागा दिली. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ मध्यें तशा हक्काचें खाजगी विधेयक लोकसभेंत मांडलें, पण तें कायद्यांत उतरलें नाहीं. असा कायदा व्हावा हें माझेंहि मत आहे. महिपतींना तो मोठा उपयोगी पडला असता. जिजाईला पडला नसता; तिला बोलावणारा जहागीरदार घरांतच होता.

राहिलें तें काम वाङ्मयाचें आहे, आणि तें आपल्याकडे अजून पुरें झालेलें नाहीं. टाळेबंदीवरच्या ज्या मराठी कथा माझ्या वाचनांत आल्या त्यांत एकटेपणाचें वर्णन पुष्कळ, गर्दीचें थोडें. खिडकीशीं बसलेला नायक बाहेरचा ओस रस्ता पाहतो आणि चिंतन करतो. दोन खोल्यांच्या घरांत पांच माणसें, दोन नोकऱ्या, एक शाळा आणि एक आजारपण यांनीं एकाच वेळीं कसा संसार केला, कोणीं कोणाची वेळ खाल्ली, आवाज न होऊं देतां कुकर कसा लावला, हें लिहावयास चिंतनापेक्षां निराळी नजर लागते. ती लक्ष्मीबाईंकडे होती. रागाच्या भरांत ती जिजाईकडेहि होती, आणि वही तुकोबांची होती म्हणून ती टिकली.

गाथेच्या संपादकांना मात्र एक सूचना करावीशी वाटते. जुन्या मराठींत ‘उत्तर’ याचा अर्थ नुसता बोल असाहि होतो, हें त्यांना सांगावयास नको; पण आजचा वाचक ‘कठीण उत्तरें’ हा मथळा वाचतो तेव्हां त्याला उर्मट जबाबच ऐकूं येतो, आणि अभंग वाचण्यापूर्वींच निकाल लागतो. पुढच्या आवृत्तींत तो मथळा तळटीपेंत न्यावा, आणि वर नुसतें ‘जिजाईचे बोल’ एवढेंच छापावें.